टेम्पोरल लोब एपिलेप्सी: डोळे उघडे असताना माणसाचं भान का हरपतं?

समजा, नागपूर जिल्ह्यातल्या खापा इथे एक बाई सकाळी गॅसवर दूध तापवत उभ्या आहेत. अचानक त्यांचा हात थांबतो. डोळे उघडे आहेत, पण नजर कुठेच लागलेली नाही. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलतात, उजवा हात पदराशी चाळा करत राहतो. दूध उतू जातं. मुलगा हाक मारतो, उत्तर येत नाही. दीड मिनिटाने त्या भानावर येतात आणि विचारतात, "काय झालं?" मधलं काहीच त्यांना आठवत नाही.

घरच्यांना वाटतं, आईचं हल्ली लक्ष नसतं. शेजारी म्हणतात, बाहेरचं काही असेल. मिरगी आहे असं कुणाच्या मनात येत नाही, कारण त्या पडल्या नाहीत, हातपाय झाडले नाहीत, तोंडाला फेस आला नाही.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण असंच वर्णन मेंदूविकारतज्ज्ञांच्या ओपीडीत नेहमी ऐकू येतं. या आजाराचं नाव आहे टेम्पोरल लोब एपिलेप्सी. यात झटका मेंदूच्या एका छोट्या भागात येतो, तरीही माणसाचं संपूर्ण भान हरपतं. असं का होतं, हे कोडं गेल्या काही वर्षांत मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या तंत्रांमुळे बरंच उलगडलं आहे.

खापा हे सावनेर तालुक्यातलं कन्हान नदीकाठचं गाव. इथला हातमाग एकेकाळी नावाजलेला होता. जवळच मॉइलची गुमगाव मँगनीज खाण आहे. नदी, विहीर, शेत, यंत्र, दुचाकी हे सगळं रोजच्या जगण्यात असलेल्या ठिकाणी दीड मिनिट भान जाणं ही किरकोळ गोष्ट नसते.

नेमका आजार काय आहे?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या अतिसूक्ष्म संदेशांनी बोलतात. एखाद्या भागातल्या असंख्य पेशी एकाच वेळी, ताळमेळ सोडून संदेश सोडू लागल्या की झटका येतो. असे झटके पुन्हा पुन्हा येण्याच्या प्रवृत्तीला एपिलेप्सी म्हणतात. मराठीत तिला अपस्मार, फेफरं, आकडी आणि विदर्भात सर्रास मिरगी म्हणतात.

'अपस्मार' हा शब्दच बोलका आहे. 'स्मार' म्हणजे स्मृती आणि 'अप' म्हणजे दूर जाणं. आयुर्वेदात या आजाराची ओळखच स्मृती आणि भान हरपण्यावरून केली आहे. टेम्पोरल लोबच्या झटक्याला हे नाव अगदी चपखल बसतं.

टेम्पोरल लोब म्हणजे कानाच्या वरच्या बाजूला, कवटीच्या आत दोन्हीकडे असलेला मेंदूचा भाग. त्याच्या आतल्या कडेला हिप्पोकॅम्पस असतो. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे ग्रीक नाव. नव्या आठवणी तयार करण्याचं काम मुख्यतः तिथे चालतं. त्याच्या शेजारी अमिग्डाला असतो, जो भीतीसारख्या भावनांशी जोडलेला आहे. प्रौढांमध्ये एका जागेपासून सुरू होणाऱ्या झटक्यांचा हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे.

अनेक रुग्णांमध्ये हिप्पोकॅम्पस आकसलेला आणि चट्टा पडल्यासारखा कडक झालेला दिसतो. त्याला हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस म्हणतात. यातल्या काहींना लहानपणी तापात लांबलेला झटका येऊन गेलेला असतो. याशिवाय गाठ, डोक्याला मार, मेंदूज्वर हीही कारणं असू शकतात. भारतात फीतकृमीच्या अळ्या मेंदूत गेल्यामुळे येणारे झटकेही बरेच आढळतात.

झटका ओळखायचा कसा?

बऱ्याच रुग्णांना आधी सूचना मिळते. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, कारण नसताना भीती वाटते, नसलेला वास येतो, किंवा 'हे सगळं आधी घडून गेलंय' असं ठामपणे वाटतं. याला ऑरा म्हणतात. ऑरा हा खरं तर झटक्याचाच पहिला, छोटा भाग असतो. काही वेळा झटका तिथेच थांबतो आणि माणूस पूर्ण शुद्धीत राहतो.

तो पुढे पसरला की भान जातं. साधारण अर्धं ते दोन मिनिटं माणूस टक लावून पाहतो, ओठ चाटतो, गिळतो, कपड्याशी चाळा करतो, कधी उठून चालूही लागतो. झटका संपल्यावर काही मिनिटं गोंधळलेली अवस्था राहते. पूर्वी याला 'कॉम्प्लेक्स पार्शियल सीझर' म्हणत. 2017 साली एपिलेप्सीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वर्गीकरण बदललं आणि झटक्यात भान शाबूत होतं की नाही, यालाच नावात जागा दिली.

कारण रुग्णासाठी तोच सगळ्यात मोठा फरक असतो. पोटात विचित्र वाटणारा माणूस गॅस बंद करू शकतो, दुचाकी कडेला घेऊ शकतो. भान गेलेला माणूस यातलं काहीच करू शकत नाही.

झटका एका कोपऱ्यात, मग सगळं भान का जातं?

जागं राहण्याचं काम टेम्पोरल लोब करत नाही. 1949 मध्ये ज्युसेप्पे मोरुझी आणि होरेस मॅगून या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूच्या देठातल्या पेशींच्या जाळ्याला विजेने उत्तेजित केलं की मेंदूच्या लहरी झोपेतल्या संथ लयीतून जागेपणीच्या लयीत येतात. देठातून निघालेली ही यंत्रणा थॅलॅमसमधून आणि इतर वाटांनी मेंदूच्या बाहेरच्या थराला, कॉर्टेक्सला सतत 'जागा राहा' असा संदेश देत असते. सजगता म्हणतात ती यावरच उभी असते.

मग कानाजवळच्या कोपऱ्यात सुरू झालेला झटका या यंत्रणेला कसा बंद पाडतो? याचं आज सर्वाधिक स्वीकारलं गेलेलं उत्तर अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले हॅल ब्लुमेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आलं.

2004 मध्ये त्यांच्या गटाने झटक्याच्या वेळी मेंदूतला रक्तप्रवाह कसा बदलतो हे स्पेक्ट तपासणीतून मांडलं. टेम्पोरल लोबमध्ये रक्तप्रवाह वाढलेला होता, ते अपेक्षितच होतं. पण ज्या झटक्यांत भान गेलं, त्यात कपाळामागचा फ्रंटल आणि डोक्याच्या वरच्या भागातला पराएटल कॉर्टेक्स मंदावलेला दिसला, आणि तोही दोन्ही बाजूंना. शिवाय थॅलॅमस आणि देठाच्या वरच्या भागातही बदल होते. म्हणजे भान जाण्याचा संबंध झटक्याच्या जागेपेक्षा झटका न आलेल्या भागांशी जास्त होता.

2010 मध्ये याच दिशेने आणखी एक पुरावा आला. शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी ज्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले होते, अशा रुग्णांच्या नोंदी डॅरिओ एंग्लोट, ब्लुमेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. भान हरपणाऱ्या झटक्यांत फ्रंटल आणि पराएटल कॉर्टेक्समध्ये सेकंदाला एक-दोन अशा मोठ्या, संथ लहरी होत्या. अशा लहरी गाढ झोपेत किंवा भूल दिल्यावर दिसतात. भान शाबूत राहिलेल्या झटक्यांत त्या फारशा नव्हत्या.

उंदरांवरच्या प्रयोगांतून मधली कडी सापडली. हिप्पोकॅम्पसमधला झटका मेंदूच्या खोल भागातल्या, इतरांना दाबून ठेवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचतो. त्या पेशी जागं ठेवणाऱ्या यंत्रणेला दाबतात. तिच्याकडून कॉर्टेक्सला मिळणारा ॲसिटिलकोलीन या रसायनाचा पुरवठा घटतो आणि कॉर्टेक्स झोपेसारख्या अवस्थेत जातो.

विजेचं उदाहरण घेतलं तर हे सोपं होईल. गावाच्या एका टोकाला तारांवर तार पडली, ठिणग्या उडाल्या आणि सबस्टेशन ट्रिप झालं. आता सगळं गाव अंधारात आहे. घराघरातलं वायरिंग ठीक आहे, बल्बही ठीक आहेत, फक्त मागून पुरवठा नाही. टेम्पोरल लोबच्या झटक्यात कॉर्टेक्सचं असंच होतं. म्हणूनच झटका ओसरला की माणूस हळूहळू पुन्हा भानावर येतो.

कोणती तपासणी काय दाखवते?

'डोक्याचा फोटो काढला' या एका वाक्यात अनेक वेगळ्या तपासण्या मिसळल्या जातात. प्रत्येकीचं काम वेगळं आहे.

ईईजी: यात फोटो निघत नाही, मेंदूच्या विजेच्या लहरींची नोंद होते. 1924 मध्ये जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी माणसावर ही नोंद पहिल्यांदा केली. झटका नसताना काढलेला ईईजी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून मोठ्या केंद्रांत रुग्णाला काही दिवस दाखल करून व्हिडिओ आणि ईईजी एकत्र घेतात. झटका सुरू असताना कर्मचारी रुग्णाला नाव विचारतात, एखादा शब्द लक्षात ठेवायला सांगतात. भान नेमकं केव्हा गेलं हे त्यातून कळतं.

एमआरआय: मेंदूची रचना दाखवतो. हिप्पोकॅम्पस आकसला आहे का, गाठ किंवा जुना चट्टा आहे का, हे यात दिसतं. मात्र नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पसचा बारीक बदल निसटू शकतो. त्यासाठी हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात, पातळ काप घेणारी खास पद्धत असते. सीटी स्कॅनमध्ये हा बदल बहुतेक वेळा दिसत नाही.

पेट स्कॅन: मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते दाखवतो. दोन झटक्यांच्या मधल्या काळात आजारी टेम्पोरल लोब कमी साखर वापरताना दिसतो.

स्पेक्ट: झटका सुरू होताच शिरेतून किरणोत्सारी द्रव्य टोचतात. ते मिनिटाभरात मेंदूत पोहोचून तिथेच अडकतं. प्रतिमा नंतर घेतली तरी ती झटक्याच्या क्षणाचीच असते. येलच्या संशोधनाचा पाया हाच होता.

फंक्शनल एमआरआय: 1990 मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवलं की रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल एमआरआयमध्ये टिपता येतात. त्यावरून मेंदूचे कोणते भाग एकाच लयीत काम करतात ते समजतं. शस्त्रक्रियेआधी भाषेची जागा शोधायला ही तपासणी वापरतात. सजगतेच्या अभ्यासात मात्र ती अजून प्रामुख्याने संशोधनाचं साधन आहे.

दोन झटक्यांच्या मधल्या काळात काय?

अनेक रुग्णांची तक्रार झटक्यापुरती नसते. 'दिवसभर डोकं जड वाटतं', 'हिशेबात चुकतो', 'शिकवलेलं डोक्यात राहत नाही' असं ते सांगतात. विस्मरण समजण्यासारखं आहे, कारण आजार हिप्पोकॅम्पसमध्येच आहे. पण लक्ष आणि हुशारी का मंदावते?

एंग्लोट आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये फंक्शनल एमआरआयवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण शांत पडून आहेत, झटका नाही, अशा वेळी देठातली जागं ठेवणारी यंत्रणा आणि कॉर्टेक्स यांच्यातला ताळमेळ निरोगी लोकांपेक्षा कमी आढळला. ज्यांचा आजार जुना आणि तीव्र होता, त्यांच्यात तो जास्त कमी होता. लक्ष देण्याच्या आणि विचार करण्याच्या चाचण्यांतल्या कमी गुणांशीही त्याचा संबंध दिसला. पुढे वँडरबिल्ट विद्यापीठातल्या कामात असंही आढळलं की शस्त्रक्रियेनंतर झटके थांबलेल्या रुग्णांमध्ये यातला काही ताळमेळ परत येऊ शकतो.

याचा अर्थ महत्त्वाचा आहे. वारंवार येणारे झटके दूरवरच्या यंत्रणेलाही झिजवत असतील, तर 'दोन-चार छोटे झटके येतात, चालतंय' म्हणून वर्षं घालवणं महागात पडू शकतं.

मात्र या अभ्यासांच्या मर्यादा ध्यानात घ्यायला हव्यात. रुग्णांची संख्या बहुधा डझनांत असते आणि ते मोठ्या केंद्रांत शस्त्रक्रियेसाठी आलेले, म्हणजे अवघड आजाराचे असतात. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं सिद्ध होत नाही. झटक्यांच्या गोळ्यांमुळेही सुस्ती येते. अपुरी झोप आणि नैराश्यानेही लक्ष कमी होतं. रुग्णाचं डोकं जड असेल तर आधी ही कारणं तपासली जातात.

उपचार काय आहेत?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना एपिलेप्सी आहे आणि योग्य उपचार मिळाले तर त्यातले 70 टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. हा आकडा सर्व प्रकारांचा मिळून आहे. टेम्पोरल लोबच्या आजारात, विशेषतः हिप्पोकॅम्पस कडक झालेला असेल तर, गोळ्यांना दाद न देणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं.

योग्य निवडलेली दोन औषधं, पुरेशा डोसमध्ये, नियमित घेऊनही झटके थांबत नसतील तर त्याला औषधांना न जुमानणारी एपिलेप्सी म्हणतात. तिथे तिसरी, चौथी, पाचवी गोळी वाढवत राहण्याआधी शस्त्रक्रियेसाठी तपासणी करून घ्यावी, असं तज्ज्ञ सांगतात.

त्यामागे ठोस पुरावा आहे. 2001 मध्ये कॅनडात 80 रुग्णांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना औषधोपचार असं वाटून दिलं गेलं. एका वर्षानंतर भान घालवणाऱ्या झटक्यांपासून मुक्त असलेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात 58 टक्के, तर औषधांच्या गटात 8 टक्के होते. 2017 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये 116 मुलांवर झालेल्या, वेगवेगळ्या शस्त्रक्रियांच्या चाचणीत हे प्रमाण 77 आणि 7 टक्के होतं.

भारतात ही शस्त्रक्रिया नवी नाही. 1952 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. जेकब चँडी यांनी देशातली पहिली एपिलेप्सी शस्त्रक्रिया केली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत 1995 पासून असा मोठा कार्यक्रम चालू आहे.

धोकाही सांगायला हवा. 1953 मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाचे झटके थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस काढले गेले. झटके कमी झाले, पण 2008 मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याला नवी आठवण साठवता आली नाही. त्या घटनेतून स्मृतीचं विज्ञान बदललं. म्हणून आज शस्त्रक्रिया एकाच बाजूला होते आणि त्याआधी स्मृती व भाषेच्या सविस्तर चाचण्या होतात.

ज्यांना शस्त्रक्रिया शक्य नाही, त्यांच्यासाठी वर सांगितलेलं संशोधन वेगळी दिशा दाखवतं. झटका थांबवता आला नाही तरी झटक्याच्या वेळी थॅलॅमसला विजेचं हलकं उत्तेजन देऊन भान टिकवता येईल का? उंदरांमध्ये याचे परिणाम आशादायक होते आणि माणसांवर प्राथमिक चाचण्या सुरू झाल्या आहेत. आज उपलब्ध असलेला उपचार म्हणून मात्र याकडे पाहता येणार नाही.

खाप्यातल्या रुग्णाने काय करावं?

पहिली पायरी साधी आहे. झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ घेणं. रुग्णाला स्वतःला काही आठवत नसतं, त्यामुळे पाहणाऱ्याची माहिती डॉक्टरांसाठी सर्वांत मोलाची. झटका कधी आला, किती वेळ टिकला, आधी काय वाटलं, गोळी चुकली होती का, झोप झाली होती का, याची वही ठेवावी.

सावनेरहून पुढे मेंदूविकारतज्ज्ञांसाठी नागपूर गाठावं लागतं. अंतर साधारण 35 किलोमीटर. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे 'मेडिकल', त्याचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि मिहानमधलं एम्स हे सरकारी पर्याय आहेत. एमआरआय काढताना 'एपिलेप्सीसाठीचा एमआरआय' असं चिठ्ठीवर लिहून घ्यावं. जुन्या फिल्म आणि सीडी जपून ठेवाव्यात. एमआरआय किंवा ईईजी नॉर्मल आला म्हणजे आजार नाही, असं समजू नये. दोन महिने झटका आला नाही म्हणून गोळ्या अचानक बंद करणं सर्वांत धोक्याचं, कारण त्याने न थांबणारा झटका येऊ शकतो. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला घातक ठरू शकतं.

झटका सुरू असताना माणसाला दाबून धरू नये, त्याने तो घाबरून प्रतिकार करू शकतो. आग, पाणी, यंत्र, रस्ता यांपासून हलक्या हाताने बाजूला न्यावं आणि पूर्ण भान येईपर्यंत सोबत राहावं. तोवर पाणी पाजू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवून, हातात किल्ल्या देऊन काहीही होत नाही. हातपाय झाडायला लागले तर कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये. झटका 5 मिनिटांपेक्षा लांबला किंवा भान न येताच दुसरा आला तर 108 ला फोन करावा.

झटके सुरू असेपर्यंत नदीत, विहिरीवर एकट्याने जाऊ नये, न्हाणीघराला आतून कडी लावू नये आणि दुचाकी चालवू नये. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या फॉर्म 1 मध्ये एपिलेप्सी आणि अचानक भान जाण्याबद्दल थेट प्रश्न असतो.

लग्न आणि कायदा

गावात आजार लपवण्याचं मोठं कारण लग्न असतं. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी वारंवार येणारे अपस्माराचे झटके लग्नाला अडसर मानले जात. 1999 च्या दुरुस्तीने हा उल्लेख काढून टाकला. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पत्नीला एपिलेप्सी आहे म्हणून घटस्फोट मागणाऱ्या पतीचं अपील फेटाळलं. एपिलेप्सी हा असाध्य रोगही नाही आणि मानसिक विकारही नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

टेम्पोरल लोबच्या रुग्णासाठी हे शब्द विशेष मोलाचे आहेत. टक लावून पाहणं, हाकेला ओ न देणं, कपड्याशी चाळा करणं हे पाहून त्याला वेडा, आळशी किंवा झपाटलेला ठरवलं जातं. मेंदूच्या प्रतिमा सांगतात की त्या दीड मिनिटात त्याच्या मेंदूचा जागा ठेवणारा पुरवठाच तुटलेला असतो. त्या वेळी तो ऐकत नाही, कारण तो ऐकू शकत नाही. आणि बहुतेकांच्या बाबतीत यावर उपचार आहेत.